उंबरपाटचे बी

ही कथा मी शुक्रवार, २३ फेब्रुवारी २०१८ रोजी, सकाळी दहाच्या सुमारास, भंडारा जिल्ह्यात वैनगंगेच्या काठी एका जवसाच्या शेताच्या बांधावर बसून ऐकली. सांगणाऱ्या श्रीमती लीलावती रामटेके या पाली भाषेच्या निवृत्त अध्यापिका. त्या ज्या भन्तेंकडे पाली शिकल्या, त्यांच्याकडून त्यांनी ती ऐकली होती. भन्तेंनी ती कोणाकडून ऐकली, हे बाईंना ठाऊक नव्हते.

मी त्या वेळी प्राचीन पिकांच्या अवशेषांवर प्रबंध लिहीत होतो आणि तुलनेसाठी जवसाचे नमुने घ्यायला त्या शेतात गेलो होतो. पुढील कथनाची भाषा माझी आहे. संवाद मात्र बाईंनी उच्चारले तसेच ठेवण्याचा प्रयत्न केला आहे.

कथेचा काळ त्यांनी सांगितला नाही. पश्चिमेच्या बंदरांत यवनांची गलबते येत होती, एवढेच तिच्यावरून म्हणता येते.

बाईंनी सुरुवात प्रश्नापासूनच केली.

“आणखी?”

प्रश्न विचारणारे ज्येष्ठ भिक्खू, स्थविर भद्रक, विहाराच्या ओट्यावर बसले होते. वयाने फार थकले होते. दृष्टी मंद झाली होती, पण माणूस जवळ येऊ लागला की त्याच्या पायांच्या आवाजावरून ते त्याला ओळखत.

उत्तर देणारा सोमिल. प्रतिष्ठान नगरीतल्या एका वस्त्रव्यापाऱ्याचा मुलगा, तरुण, कुशाग्र, आणि आपण कुशाग्र आहोत हे ठाऊक असलेला. तो श्रामणेर होता, म्हणजे अजून पूर्ण भिक्खू झाला नव्हता. पूर्ण दीक्षेला उपसंपदा म्हणतात. ती स्थविर भद्रकांच्याच हातून व्हावी, एवढी एकच इच्छा धरून तो इतक्या दूर आला होता.

प्रश्न असा होता : जवसाचे काय काय होते?

सोमिलने सांगायला सुरुवात केली होती.

“त्याच्या धाग्याचं क्षौम वस्त्र होतं, भन्ते. राजे नेसतात आणि आपल्यालाही चालतं. जाड्या धाग्याची दोरी होते, मासेमारीची जाळी होतात. घट्ट विणलं तर पाणी गाळायचं फडकं होतं.”

“आणखी?”

“बियांचं तेल निघतं. दिव्याला चालतं, लाकडाला लावतात. बिया वाटून गळवावर पोटीस बांधतात. पेंड बैलाला घालतात.”

“आणखी?”

“यवनांच्या गलबतांची शिडं याचीच असतात. माझ्या वडिलांनी भरुकच्छाच्या बंदरात पाहिली आहेत. आणि समुद्रापलीकडे एक देश आहे, तिथले लोक आपले मेलेले राजे याच कापडात गुंडाळून ठेवतात. शेकडो हात कापड लागतं म्हणे.”

“मेलेल्यांना?”

“हो.”

“बरं आहे. जिवंतपणी कोणता राजा स्वतःला इतका वेळ गुंडाळू देणार...”

सोमिल हसला नाही. तो परीक्षा देत होता.

“आणखी?” स्थविरांनी पुन्हा विचारले.

सोमिल थांबला. त्याने मनातल्या मनात सगळी यादी पुन्हा तपासली.

“आणखी काही होत नाही, भन्ते.”

“असं?”

“माझे आजोबा, पणजोबा, सगळे कापडातलेच. असतं तर मला ठाऊक असतं.”

 स्थविरांनी मागे हात नेऊन एक वाळका दुधी भोपळा पुढे ओढला. आत बी भरलेले होते. हलवताच पावसाच्या सरीसारखा आवाज झाला.

“तुला चीवर हवं आहे ना?”

“हो, भन्ते.”

“हे घे.”

त्या विहाराची एक जुनी रीत होती. विहारामागे जवसाचा एक वाफा होता. उपसंपदेच्या वेळी अंगावर घ्यायचे नवे चीवर, म्हणजे भिक्खूचे वस्त्र, श्रामणेराने त्याच वाफ्यातून मिळवायचे. त्या वाफ्यात बी टाकायचे तेही चीवर मागणाऱ्यानेच, दुसऱ्या कोणी नाही. उपसंपदा झालेल्या भिक्खूला जमीन खणता येत नाही, झाड उपटता येत नाही. श्रामणेराला ते बंधन नाही. म्हणून हे काम आयुष्यात एकदाच, भिक्खू होण्यापूर्वीच करायचे.

विहाराच्या आवारात अशी शेती सर्वत्र होत असे, असा माझा दावा नाही. बाईंनी एका विहाराची गोष्ट सांगितली. मी तिच्यापुरतेच लिहितो आहे.

सोमिलने काम चोख केले.

पाऊस ओसरल्यावर त्याने वाफा भुसभुशीत केला आणि बी दाट पेरले. विरळ पेरले तर जवसाला फांद्या फुटतात. दाट पेरले तर ते सरळ उंच जाते आणि धागा लांब मिळतो. हे त्याला घरीच ठाऊक झाले होते. भोपळ्यात एक दाणाही त्याने मागे ठेवला नाही. वाफ्याचा एक कोपराही रिकामा राहिला नाही.

पौषात वाफा निळा झाला. जवसाचे फूल सकाळी उमलते आणि दुपारी गळते. भिक्खू भिक्षेला जाताना निळा वाफा पाहत, परतताना हिरवा. सोमिल रोज दोन्ही पाहत असे.

माघात देठ खालून पिवळे पडू लागले. वर बोंडे अजून हिरवी होती.

याच वेळी उपटले तर धागा रेशमासारखा निघतो. बोंडे पिकेपर्यंत थांबले तर तोच धागा राठ होतो. सोमिलला मध्यम चीवर नको होते. त्याने एका सकाळी सगळा वाफा मुळासकट उपटला. स्थविर ओट्यावर बसून देठ उपटल्याचे आवाज ऐकत होते.

“सगळं?” त्यांनी विचारले.

“सगळं, भन्ते! आजच नेमकी वेळ आहे. उद्या उशीर होईल.”

“नेमकी वेळ तुला बरोबर कळली.”

सोमिलला हे फार आवडले.

हिरवी बोंडे झोडून त्याने गुरांना घातली. देठांच्या पेंढ्या बांधून डोहात बुडवल्या, वर दगड ठेवले. देठ पाण्यात कुजल्याशिवाय आतला धागा सुटत नाही. त्या दिवसांत डोहाकडून असा वास येत होता की एका वृद्ध भिक्खूने सोमिलला विचारले, “बापू, चीवर करतो आहेस की त्या परदेशातल्या राजाला उकरून काढलंस?”

पेंढ्या वाळल्या. त्याने त्या मोगरीने बडवल्या, काडीचा चुरा झाडून टाकला, वाख विंचरला. हातात राहिला तो धागा फिकट सोनेरी होता, केसाइतका बारीक. गावातल्या उपासिकांनी तो कातला आणि विणला. कापड अखंड, मऊ आणि इतके घट्ट झाले की उजेडाकडे धरले तरी छिद्र दिसत नव्हते.

नियमानुसार चीवर अखंड कापडाचे नसते. ते कापून, तुकडे जोडून शिवतात. त्यावर शेतातल्या बांधांसारख्या शिवणी दिसतात. सोमिलने कात्री हातात घेतली आणि पुन्हा खाली ठेवली. वैशाखी पौर्णिमेला आठवडा उरला होता. कापायला पुष्कळ वेळ आहे, असे त्याने स्वतःला सांगितले.

आधी त्याने ते कापड स्थविरांपुढे नेले.

स्थविरांनी ते दोन्ही हातांनी चाचपले. गालाला लावले.

“सुंदर...”

सोमिल गप्प उभा राहिला. पण त्याचे उभे राहणेच बोलत होते.

“माझ्या हाताखालून असं कापड गेलं नाही,” स्थविर म्हणाले. “पौर्णिमेला हेच घाल.”

“होय, भन्ते.”

“भोपळा कुठे आहे?”

“कोणता भोपळा?”

“बियांचा.”

“ओट्याखाली आहे. रिकामा आहे.”

“हो... मग कार्तिकात काय पेरायचं?”

सोमिलने वाकून ओट्याखाली पाहिले. 

वारा आला. ओट्याखाली रिकामा भोपळा घरंगळला. आतून कसलाही आवाज आला नाही.

“भन्ते,” सोमिल अखेर म्हणाला, “बोंडं पिकू दिली असती, तर धागा राठ झाला असता.”

“झाला असता.”

“म्हणजे धागा आणि बी, दोन्ही एकाच देठावर मिळत नाहीत.”

“नाही मिळत.”

“मग माझं चुकलं कुठे?”

“मी चुकलं असं म्हटलं का? मी भोपळ्याचं विचारलं.”

सोमिल ओट्याच्या पायरीवर बसला. बसण्याची परवानगी घ्यायलाही तो विसरला. वाफ्याची एक कड तशीच उभी सोडली असती, तर? एक हातभर कड. चीवर थोडे आखूड झाले असते, एवढेच.

“हे बी कधीपासूनचं आहे?” त्याने विचारले.

“मला माझ्या उपाध्यायांनी दिलं. त्यांना त्यांच्या.”

“आणि माझ्यानंतर...”

“तुझं चीवर तयार आहे. पौर्णिमा ठरली आहे. मी शब्द फिरवत नाही.”

“पण उपसंपदा झाल्यावर मला पेरता येणार नाही.”

“नाही.”

“आणि श्रामणेर मी एकटाच आहे.”

“सध्या तरी.”

सोमिलने स्थविरांकडे पाहिले.  त्यांचा खोकला हिवाळ्यापासून गेला नव्हता. भिक्षेला जाणे त्यांनी थंडीतच सोडले होते.

“भन्ते, मी बी मिळवून आणलं, कार्तिकात पेरलं, फाल्गुनात काढलं... तर उपसंपदा पुढच्या वैशाखात.”

“हिशेब बरोबर आहे.”

“पुढच्या वैशाखापर्यंत तुम्ही...”

“मी काय?”

सोमिलने कापड त्यांच्या मांडीवरून उचलून घेतले.

“माझं मी बघतो,” स्थविर म्हणाले. “तुझं तू सांग.”

सोमिलने कापडाची घडी घातली.

“जवस आणखी कुठे पेरतात?”

“नदीच्या वरच्या अंगाला उंबरपाट नावाचं गाव आहे. चालत गेलास तर दुपारच्या जेवणाआधी पोचशील. उद्या पहाटे नीघ.”

उंबरपाटच्या वेशीपाशी एक म्हातारी सुपात जवस पाखडत होती. तिचे नाव पोठा. सोमिलला पाहून तिने सूप खाली ठेवले आणि हात जोडले. मग त्याच्या हातातल्या पात्राकडे पाहिले. मग त्याच्या काखेतल्या कापडाकडे. कापड मागे सोडायला त्याचे मन धजले नव्हते.

“या बापू. विहारातले ना?”

“हो, आजी.”

“बी मागायला आलात.”

सोमिल चपापला. “तुम्हाला कोणी सांगितलं?”

“कोणी कशाला सांगायचं? तुमचा तो निळा वाफा आमच्या गुराख्यांना वरून दिसतो. यंदा माघातच बोडका झाला म्हणाले. मी तेव्हाच सुनेला म्हटलं, बी काढून ठेव, वैशाखी पुनवेच्या आत एक हुशार माणूस येतोय.”

सून आतून हसली. सोमिलचे कान लाल झाले.

“आधीही कोणी आलं होतं?”

“माझ्या सासूच्या वेळी एक आला होता, असं ती सांगायची. माझ्या उमेदीत एक आला. तो तर उंबऱ्यात उभा राहून मला जवसाचे गुण सांगायला लागला! मी म्हटलं, महाराज, माझ्या डोक्यावर जवसाचं तेल, पोटात जवसाची चटणी, अंगावर जवसाचं लुगडं. गुण राहू द्या. काय हवं ते बोला.”

“मग?”

“मग बोलला. बोलायला वेळ लागला त्याला. तुम्हालाही लागतोय.”

सोमिलने नजर खाली घातली.

“आजी, मला जवसाचं बी द्या. माझ्याकडचं मी संपवलं.”

“हां. आता कसं!”

ती उठली आणि कणगीपाशी गेली.

“फुकट नाही देत हो मी. उसनं देते. घेतलं तेवढं फाल्गुनात परत आणायचं, तुमच्या वाफ्यातलं. आमचं बी पेरून पेरून बुटकं होत जातं. तुमच्याकडचं मिसळलं की पुन्हा उंच वाढतं. तुमच्याकडचं तुम्ही संपवता, आमचं आम्ही बुटकं करतो. चाललंय आपलं.”

“मी स्वतः आणून देईन.”

“कशात नेणार आत्ता?”

सोमिलने पात्र पुढे केले. त्यात सकाळच्या भिक्षेचा भात होता.

“भातावर ओतू?”

त्याने खांद्यावरचे उत्तरीय पुढे केले. पोठाने मूठभर बी त्यावर टाकले. जवसाचा दाणा गुळगुळीत, चपटा, पाण्यासारखा ओघळणारा. जाड्या विणीतून तो भराभर गळून अंगणात पडला. कोंबड्या धावल्या.

“या कापडात राहायचं नाही ते. त्याला घट्ट कापड लागतं.”

दोघांनीही एकाच वेळी सोमिलच्या काखेकडे पाहिले.

“हे चीवराचं आहे,” सोमिल म्हणाला.

“दिसतंय. असं कापड आमच्या मागावर चढलं नाही कधी.” तिने कोपऱ्याला हात लावला आणि काढून घेतला. “तेलकट असतं बी. डाग पडेल. तुम्ही परत जा, दुसरं काही घेऊन या. मी कुठे जात नाही.”

सोमिलने आल्या वाटेकडे एकदा पाहिले.

मग त्याने ती घडी अंगणात उलगडली. चारी पदर धरून मध्ये खोलगट झोळी केली आणि खाली बसला. उभ्याने घेता येत नव्हते.

पोठाने कणगीतून बी ओतले. एक दाणाही गळला नाही.

“बसा आता,” ती म्हणाली. “सूर्य माथ्यावर यायचा आहे अजून, तुम्हाला जेवण चालेल. जवसाची चटणी आहे, भाकर आहे. बी नेणाऱ्याला उपाशी पाठवत नाही आम्ही. तो मागचा तर तीन भाकरी खाऊन गेला आणि गुण सांगायचे विसरला.”

सोमिल जेवला. चटणी तिखट होती. त्याने दोनदा मागून घेतली.

संध्याकाळी तो विहारात परतला. स्थविर ओट्यावरच होते.

“पाऊल जड वाजतंय,” ते म्हणाले. “मिळालं?”

सोमिलने झोळी त्यांच्या मांडीवर ठेवली. स्थविरांनी गाठ सोडली, हात आत घातला. बियांत मनगटापर्यंत हात बुडवून ते बराच वेळ तसेच बसले. चेहऱ्यावर हसू होते.

“कापडाला डाग पडला, भन्ते.”

“कुठे?”

“मधोमध.”

“चटणी कशी होती?”

सोमिलने मान वर करून पाहिले. स्थविर नदीकडे तोंड करून बसले होते.

“तिखट,” तो म्हणाला.

“हो... तिखटच करतात.”

वैशाखी पौर्णिमा आली आणि गेली. सोमिल श्रामणेरच राहिला. इतर विहारांतले त्याच्या वयाचे तरुण त्या वर्षी भिक्खू झाले. पावसाळ्यात त्यांच्यातला एक भेटला, तेव्हा नियमाप्रमाणे सोमिलने त्याला वाकून नमस्कार केला. नमस्कार घेणाराच जास्त अवघडला.

पावसाळ्यात स्थविरांचा खोकला वाढला. सोमिल बिया भाजून, वाटून, गरम पोटीस त्यांच्या छातीवर बांधत असे. उंबरपाटहून त्यासाठी वेगळे बी येत होते. पोठाने निरोप दिला होता की पेरायच्या बियांना हात लावाल तर खबरदार.

कार्तिकात त्याने पेरले. पौषात वाफा निळा झाला. स्थविरांना आता निळा रंग दिसत नव्हता. ते सकाळी विचारत, “उमललं?” आणि दुपारी विचारत, “गळलं?” सोमिल दोन्ही वेळा “हो” म्हणे.

माघात सोमिलने अर्धा वाफा उपटला आणि अर्धा उभा ठेवला. त्या अर्ध्या धाग्याचे विहारासाठी पाणी गाळायचे फडके झाले. उभे ठेवलेले फाल्गुनात पिकले. देठ राठ झाले होते. त्यांची दोरी वळली आणि ती विहिरीला लागली. बोंडे बोटांत धरून हलवली की आत बी खुळखुळत होते.

घेतले तेवढे बी त्याने उंबरपाटला परत नेले. पोठाने ते सुपात घेऊन उजेडात धरले, दाताखाली एक दाणा फोडला आणि सुनेला म्हणाली, “चुलीवर तवा ठेव.”

वैशाखी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी स्थविरांनी कापड मागवले. मागच्या वर्षीचेच, अखंड, मधोमध डाग पडलेले.

“कात्री दे.”

“मी कापतो, भन्ते. तुम्हाला दिसत नाही.”

“म्हणूनच दे.”

स्थविरांनी कापडावर बोटे फिरवली. तेल मुरलेली जागा त्यांना हाताला लागली. तेथेच त्यांनी कात्री घातली आणि डागाचा चौकोन कापून काढला. कापडाच्या बरोबर मधोमध खिडकी पडली. मग उरलेल्या कापडाचे त्यांनी नियमाप्रमाणे तुकडे केले. सोमिल शिवत गेला. शेतातल्या बांधांसारख्या शिवणी उमटत गेल्या. डागाच्या चौकोनाची स्थविरांनी स्वतः, हाताने चाचपत, एक पिशवी शिवली. टाके वाकडे होते. पण कापड घट्ट होते.

चीवरात एक तुकडा कमी पडला. स्थविरांनी आपल्या जुन्या चीवराचा कोपरा कापून सोमिलपुढे ठेवला. तो जाडाभरडा होता, विटलेला. मात्र त्या कोपऱ्याला खूप जुना, फिका, तेलाचा एक डाग होता.

सोमिलने तो डाग पाहिला.  तुकडा खांद्यावर येईल असा जोडला.

दुसऱ्या दिवशी उपसंपदा झाली. स्थविर भद्रक उपाध्याय म्हणून बसले होते. दोन भिक्खूंनी त्यांना धरून आणले होते. आवाज बारीक होता, पण एकही शब्द अडला नाही.

येथपर्यंतचा तपशील मी शक्य तितका पडताळून पाहिला आहे. उत्तम धाग्यासाठी जवस उपटायचे तेव्हा बी कच्चे असते, हे त्या शेतात मी स्वतः पाहिले. दाणा सैल विणीतून गळतो, हे माझ्या रुमालावर करून पाहिले. क्षौम वस्त्र भिक्खूंना चालते, चीवर कापूनच शिवावे लागते, भिक्खूने जमीन खणू नये, हे विनयाच्या, म्हणजे भिक्खूंच्या शिस्तीच्या, नियमांत आहे. उंबरपाट हे गाव मला नकाशावर सापडले नाही. गावांची नावे बदलतात, म्हणून तेवढ्यावरून काही निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही.

यानंतरच्या संवादाला मात्र रामटेके बाईंच्या सांगण्याखेरीज कोणताही आधार मला मिळालेला नाही. तो त्यांच्या भन्तेंनी सांगितला होता की बाईंनी स्वतः जोडला, असे मी त्यांना विचारले. त्यांनी एक बोंड माझ्या कानाशी धरून हलवले आणि पुढे सांगू लागल्या.

उपसंपदेनंतर संध्याकाळी सोमिल ओट्यावर आला. हातात बियांनी भरलेली पिशवी होती.

“भन्ते, ही कोणाला द्यायची?”

“चीवर मागत येईल त्याला.”

“द्यायच्या आधी त्याला सांगून ठेवू का... की एक कड बियांसाठी उभी ठेव म्हणून?”

स्थविरांनी पिशवी हातात घेतली. कानाशी हलवली. पुन्हा त्याच्या हातात दिली.

“सांगितलंस, तर तो उंबरपाटला कशाला जाईल?”